शंभर रँडसुद्धा बाकी नको

आमच्या म्दान्त्साने वस्तीत नोक्वेझीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. परके लोक कुळाच्या नावानं, माम्बेले म्हणत. आमच्याकडे बाईला मान द्यायचा तर तसंच म्हणतात. बाकी अख्खी गल्ली तिला माबाँडी म्हणायची. घरावरच्या कर्जाला आमच्याकडे बाँड म्हणतात, आणि ही बाई त्या बाँडशीच लग्न लावून बसली आहे, असं गल्लीचं ठाम मत होतं. समोरची शेजारीण तर तोंडावर विचारायची, "काय गं माबाँडी, नवरा कसा आहे?"

नोक्वेझी म्हणायची, "झिजतोय हळूहळू. लवकरच पुरणार आहे त्याला."

ती मोटारीच्या सीटची कव्हरं शिवायच्या कारखान्यात कामाला होती. डिसेंबरात बोनस झाला की गल्लीत टेम्पोतून सोफे उतरायचे, भिंतींना रंग लागायचे, केपटाऊनहून आलेली पोरं गाड्यांचे दरवाजे सताड उघडे टाकून गाणी लावायची. नोक्वेझी बोनस घेऊन सरळ बँकेत जायची. दुपारच्या सुट्टीत ती कारखान्याच्या फाटकापाशी ग्विन्या, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, विकायची, मागच्या अंगणातली खोली तिनं भाड्यानं दिली होती, रात्रीचा ओव्हरटाइम कधी सोडला नव्हता. ते सगळं जायचं बाँडमध्ये. वीस वर्षांचं कर्ज तिला त्याआधीच संपवायचं होतं. कुणी म्हणालं, "अगं, थोडं जगून घे," तर ती म्हणायची, "जगतेच आहे. तुम्हाला दिसत नाही, त्याला मी काय करू?"

एकदा भिशीच्या बैठकीत तिची जीभ घसरली. पैसे कुठं ठेवतेस, असं कुणीतरी विचारलं आणि ही ऐटीत म्हणाली, "माझे सगळे पैसे घरात टाकलेत." झालं. थोड्याच दिवसांनी, माय-लेकी बाजाराला गेलेल्या असताना, चोरांनी घराचं छत उचकटलं. गाद्या फाडल्या, संडासाची टाकी फोडली, चुलीमागची फरशी उखडली. नेलं मात्र काहीच नाही. नोक्वेझी कमरेवर हात ठेवून त्या पसाऱ्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की शेजारीण धावत आली. "मेल्यांना माझा टीव्हीसुद्धा नको होता," ती म्हणाली. "आणि पैसे तर त्यांच्या डोक्यावरच होते, छत म्हणून. तेच फोडून गेले."

तिची आई, म्हातारी नोफेझिले, हसली नाही. चोरांनी तिची हिरवी पत्र्याची ट्रंक उपडी केली होती. चर्चचा लाल झगा, पांढरी टोपी, दोन रग, चार ताटल्या, सगळं जमिनीवर पडलं होतं. म्हातारीनं एकेक वस्तू झटकली, घडी घातली, पुन्हा ट्रंकेत भरली, कडी लावली आणि ट्रंक ढकलत ढकलत पुन्हा दाराशी नेऊन ठेवली.

त्या ट्रंकेचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नोक्वेझीनं आईच्या खोलीत मोठं कपाट आणून ठेवलं होतं. त्यात हँगर होते, डांबराच्या गोळ्या होत्या, कपडा मात्र एक नव्हता. म्हातारीचा सगळा संसार ट्रंकेत, आणि ट्रंक घराच्या दाराशी. कुणी पाहुणा अडखळून पडला तरी ती तिथून हलायची नाही. दर महिनाअखेरीला म्हातारी विचारायची, "भाडं भरलंस का?"

"भाडं नाही गं आई, बाँड."

"ज्याला दर महिन्याला पैसे द्यायचे तो मालक. तू नाव काहीही ठेव."

म्हातारीचं चुकत होतं असं म्हणायची माझी छाती नाही. डंकन व्हिलेजमध्ये तिचंही घर होतं, म्हणजे नवऱ्याच्या नावाचा परवाना होता. त्या काळी घराचा परवाना पुरुषाच्याच नावानं मिळायचा. नवरा गोदीत अपघातात गेला. दुखवटा संपायच्या आत वस्तीचा गोरा साहेब दारात उभा राहिला आणि त्यानं एकच प्रश्न विचारला, "या घरात पुरुष कोण?" नोक्वेझी तेव्हा शाळकरी पोर होती. तिच्या पाठीला तिचा तान्हा भाऊ झोलिले बांधलेला होता. आईनं त्याच्याकडे बोट दाखवलं. साहेब हसला आणि म्हणाला, "हा चालायला लागला की पाठव." दोन दिवसांत सामान रस्त्यावर आलं. स्टोव्हवर मका-घेवडा शिजत होता, तो तसाच गरम पातेल्यासकट बाहेर ठेवला. शेजाऱ्यांनी कुठूनतरी ती हिरवी ट्रंक आणून दिली. त्यानंतर म्हातारी दुसऱ्यांच्या मागच्या खोल्यांत राहिली, पण तिनं ट्रंक कधी पूर्ण रिकामी केली नाही. पुढच्या वेळी सामान भरायला वेळ लागू नये म्हणून.

नोक्वेझीला या जन्मात एकच गोष्ट हवी होती. आई जिवंत असताना ती ट्रंक रिकामी झालेली बघायची होती. म्हातारी थकत चालली होती. सगळी घाई त्यापायी होती.

एका ऑगस्टात, आमच्याकडच्या हिवाळ्यात, तिनं बँकेत जाऊन सांगितलं की बाँड बंद करायचा आहे. काउंटरवरची मुलगी गोड होती. तिनं हिशेब बघितला, अभिनंदन केलं आणि म्हणाली, "पण माम्बेले, पूर्ण बंद नका करू. शंभर रँड बाकी ठेवा. सगळे तसंच करतात. घराचा कागद आमच्या तिजोरीत सुरक्षित राहतो, फुकट. आणि उद्या अडचण आली तर तुम्ही भरलेले जास्तीचे पैसे पुन्हा काढता येतात."

"तेच नकोय मला."

"काय?"

"पुन्हा काढता येणं. एकदा काढलेत मी."

खरंच काढले होते. भावाला, झोलिलेला, प्रवासी टॅक्सी घ्यायची होती. सगळं घर बसून म्हणालं की नोक्वेझीचे पैसे घरात नुसते पडून आहेत, ते कामाला लागतील. तिनं काढून दिले. टॅक्सीनं एक हिवाळा काढला, मग इंजिन बसलं आणि टॅक्सी विकून दारूचं आणि वकिलाचं बिल भागलं. ते पैसे पुन्हा भरताना नोक्वेझीच्या गुडघ्यांची वाट लागली.

"शंभर रँडनं काय बिघडतं?" मुलगी कळवळून म्हणाली.

"पोरी, शंभर रँड बाकी असले तरी माझी आई ट्रंक उघडणार नाही. तुला नाही कळायचं. बंद कर."

तर बंद करायलाही तीन महिने आधी कळवावं लागतं, नाहीतर जास्तीचं व्याज पडतं. नोक्वेझीनं कागदावर सही केली. "नवरा सोडायलासुद्धा इतकी परवानगी लागत नाही," असं म्हणून ती बाहेर पडली.

हे तीन महिने जड गेले. कारण त्याच वर्षी झोलिलेचा मुलगा लुखान्यो डोंगरावर जाणार होता. आमच्यात वयात आलेला मुलगा सुंतेसाठी डोंगरावर जातो आणि पुरुष होऊन परततो, तेव्हा घराण्यानं त्याच्यासाठी सोहळा करायचा असतो. बैल, मंडप, पिंपभर मक्याची बियर, अख्ख्या गावाला जेवण. सोहळा फिका झाला तर पोराला जन्मभर ऐकावं लागतं, आणि बापाला त्याहून जास्त.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी झोलिले आणि फाकामिले काका आले. काका म्हणजे तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ, आता घराण्यातले सर्वांत मोठे. काठी दाराशी टेकवताना ते ट्रंकेला अडखळले, कुरकुरले आणि खुर्चीवर बसून अर्धा चहा पिऊन झाल्यावर मुद्द्यावर आले.

"पोरी, तू आत्या आहेस. आत्यावाचून सोहळा होत नाही."

"येणार आहे मी, काका."

"नुसतं येऊन काय गावाला तोंड दाखवणार? बैल कोण आणणार? झोलिलेचं तुला ठाऊक आहे."

"मला चांगलंच ठाऊक आहे."

झोलिले खाली बघून कपातली साखर ढवळत होता. काका म्हणाले, "तुझे पैसे घरात पडलेत. थोडे काढ. घर कुठं पळून जातंय?"

"काढता येणार नाहीत. बाँड बंद करतेय."

काकांनी कप खाली ठेवला. "बंद? आणि मग अडीनडीला?"

"अडीनडी कुणाची, काका? माझ्या अडीनडीला या खोलीत आजवर कोण आलं?"

"जीभ बघा हिची." काका झोलिलेकडे वळले आणि पुन्हा तिच्याकडे. आता आवाज गोड झाला होता. "हे बघ, तुला नवरा नाही, मूल नाही. तू डोळे मिटलेस की हे घर शेवटी लुखान्योलाच जायचं. घराला पुरुषाचं नाव लागतं. मग त्याच्याच पैशानं त्याचा सोहळा झाला तर कुठं बिघडलं?"

मधल्या दारात म्हातारी नोफेझिले उभी होती. ती कधी आली कुणाला कळलं नव्हतं. ती सगळ्यांमधून बाहेरच्या दाराशी गेली, आणि ट्रंकेची कडी खडखडल्याचा आवाज आला. नीट लागली आहे ना, हे ती बघत होती.

नोक्वेझीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वडीलधाऱ्यांवर आवाज चढवायचा नाही हे तिच्या हाडांत होतं. ती उठली, काकांची काठी उचलून दोन्ही हातांनी त्यांना दिली आणि म्हणाली, "लुखान्योला माझ्या पगारातून एक बकरा देईन. रग देईन. घरातून एक वीटही निघणार नाही. चहा झाला असेल तर सावकाश या."

मग बातमी व्हायची तशी झाली. ही बाई भाच्याच्या सोहळ्याला पाठ दाखवतेय, असं म्दान्त्सानेपासून गावापर्यंत पसरलं. चर्चमध्ये बाया बाकावर जरा सरकून बसू लागल्या. समोरची शेजारीण आता नवऱ्याची चौकशी करेनाशी झाली, आणि ते नोक्वेझीला सर्वांत जास्त झोंबलं. कारखान्यात मशीनवर बसल्यावर तिला वाटायचं, काय मिळवतेय मी? चार भिंती? एका पोराचा दिवस माझ्यामुळे फिका झाला तर? लुखान्यो तिच्याच अंगाखांद्यावर वाढला होता. त्या पोरावर तिचा जीव होता.

शेवटची रक्कम भरायच्या दिवशी झोलिले बँकेच्या दाराशी उभा होता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. दारू प्यालेला नव्हता.

"सिसी," तो म्हणाला. ताईला तो लहानपणापासून अशीच हाक मारायचा. "मी भांडायला नाही आलो."

"मग?"

"मला लाज आणू नकोस. एवढंच. पोरगा विचारतोय, आत्या का देत नाही. मी काय सांगू?"

त्याचे डोळे भरले होते, आणि ते खोटं नव्हतं. नोक्वेझीला त्याच्या केसांत पांढरं दिसलं. तिच्या पिशवीत ओळखपत्र होतं, खात्यात पैसे होते, आणि एक शब्द बोलली असती तर अजूनही सगळं थांबलं असतं. ती भावाजवळ गेली. तिनं त्याची कॉलर नीट केली.

"तुला पाठीला बांधून मी दारात उभी होते," ती म्हणाली. "तू रडत होतास. आईनं तुझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा तो साहेब हसला. आठवतंय?"

"मी तान्हा होतो, सिसी. कसं आठवेल?"

"मला आठवतं. रोज आठवतं. पोराला सांग, आत्या घरातून देत नाही कारण आत्याला अजून घरच नव्हतं. आज होणार आहे." मग ती थोडी मऊ झाली. "बैल लहान घे. लहान बैलाचंही मांसच असतं."

ती आत गेली. झोलिले बाहेरच उभा राहिला. ती परत आली तेव्हाही तो तिथंच होता, आणि दोघं एकाच टॅक्सीनं परतले.

घराचा कागद यायला डिसेंबर उजाडला. वकिलाच्या कचेरीतून पाकीट घेऊन नोक्वेझी घरी आली, आईच्या खोलीत गेली आणि कागद तिच्या मांडीवर ठेवला. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं कागदावरून बोट फिरवलं.

"नाव कुणाचं?"

"माझं. हे बघ, इथं."

"आणि दुसरं?"

"दुसरं नाहीच."

"पुरुषाचं?"

"नाही, आई."

म्हातारीनं कागदाची घडी घातली. मग तो परत देत म्हणाली, "आणि भाडं?"

"संपलं. आता कुणालाच काही द्यायचं नाही."

"हं," म्हातारी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. ट्रंक बाहेरच्या दाराशी होती तिथंच राहिली. नोक्वेझी स्वयंपाकघरात जाऊन सिंकपाशी उभी राहिली आणि नळ सोडून रडली. इतकी वर्षं जिच्यासाठी घासली, तिनं नुसतं हं म्हणावं, याचा तिला राग आला होता, आणि आईवर राग आला म्हणून स्वतःचाही.

सोहळ्याच्या सकाळी शेजाऱ्याचा पिकअप दाराशी लागला. बकरा आदल्या दिवशीच गावी गेला होता. रग मागं ठेवला. म्हातारी चर्चच्या लाल झग्यात तयार होऊन बसली होती. ती म्हणाली, "माझी ट्रंक घे."

"आई, एका दिवसाचं जाणं आहे."

"ट्रंक घे म्हणते ना."

वाद घालायचं त्राण नोक्वेझीत नव्हतं. नेहमीप्रमाणे तिनं दोन्ही पाय फाकवून, कंबर सांभाळून, दोन्ही हातांनी ट्रंकेला हिसका दिला, आणि मागं पडता पडता वाचली. ट्रंक उचलली गेली ती एखाद्या रिकाम्या डब्यासारखी. तिनं आईकडे बघितलं. म्हातारी टोपीची पिन लावण्यात गढली होती.

गावी मंडप लहान होता, बैल लहान होता, पण माणसं पोटभर जेवत होती आणि बियरच्या पिंपाभोवती म्हातारे गाणं म्हणत होते. लुखान्यो नवा रग पांघरून, तोंडाला लाल माती लावून, मान खाली घालून चटईवर बसला होता. लोक एकेक करून वस्तू त्याच्यापुढे ठेवत आणि दोन शब्द शहाणपणाचे सांगत. दारू जपून पी. बापाचं नाव राख. वडिलांपुढं मान वर करू नकोस. नोक्वेझी पुढं झाली तशी कुजबुज थांबली. फाकामिले काका मोठ्यानं म्हणाले, "या, माबाँडी आल्या. बघू, घरातून काय काढून आणलंय."

लोक हसले. नोक्वेझीही हसली. तिनं रग ठेवला आणि भाच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"घरातून काही आणलं नाही, काका. घर जिथल्या तिथं आहे." मग ती लुखान्योकडे वळली. "बाळा, आज तू पुरुष झालास. सगळ्यांनी तुला खूप सांगितलं. माझं एकच ऐक. घराला पुरुष लागत नाही. पुरुषाला घर लागतं. कधी कुणी तुला रस्त्यावर काढलं तर माझ्याकडे ये, जेवायला मिळेल. पण दार ठोठावून ये. दार माझं आहे."

काकांनी काठी उचलली, बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात मागून खरखर आवाज आला. म्हातारी नोफेझिले ट्रंक ओढत येत होती. झोलिले धावला, त्यानं दुसऱ्या बाजूची कडी धरली. दोघांनी ती चटईपुढं आणून ठेवली. म्हातारीनं झाकण उघडून दाखवलं. आत फक्त तळाला अंथरलेलं जुनं वर्तमानपत्र होतं.

"ही तुला," ती नातवाला म्हणाली. "आता तू फिरशील. कामाला जाशील, केपटाऊनला जाशील, कपडे ठेवायला लागेल. मजबूत आहे. मला नको. मला आता कुठं जायचं नाही."

बायकांतून एकीनं जीभ हलवत लांबलचक ललकारी दिली आणि मग सगळ्या बायकांनी. फाकामिले काका खाली बसले आणि त्यांनी बियरचा डबा मागितला. झोलिलेनं ट्रंकेवर हात ठेवला होता, तो बराच वेळ काढला नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर नोक्वेझी आईच्या खोलीत गेली. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं. आत दोन रग, खालच्या फळीवर चार ताटल्या, एका हँगरला रोजचा स्वेटर. म्हातारी मागून आली, झगा उतरवून तिच्या हातात दिला, आणि पलंगावर बसून बूट काढता काढता करवादली, "त्या कपाटाचं दार नीट लागत नाही. कालपासून बघतेय. तुझं घर आहे ना? मग दुरुस्त कर."